कसर

ग्रिम्सबी. मार्च. साडेनऊला दार उघडतं
आणि आधी आत येतो तो वारा, खारट,
त्याच्यामागून मिसेस पास्क, चाकांच्या पिशवीसकट.
तोवर मी चार कुलपं उघडलेली असतात.
एकही लोखंडाचं नाही.

माझ्या हुद्द्यात पुस्तक हा शब्दच नाही.
मी करार सांभाळते.
कुठलं नियतकालिक कुठल्या सालापर्यंत आपलं,
एका वेळी किती जणांनी वाचायचं,
पैसे भरूनही पान का उघडत नाही.
आई फोनवर विचारते, दिवसभर करतेस तरी काय?
मी सांगते, भाडेकरूंची कटकट.
भाडेकरू आम्हीच, हे सांगत नाही.

मिरजेच्या वाचनालयात शिकाऊ होते तेव्हा
पुस्तकांना कसर लागायची.
कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या,
दिवाळीनंतर गच्चीवर ऊन.
कसरीला निदान पोट होतं.
इथे दुवे तुटतात आणि कुणी काही खाल्लेलं नसतं.
काल होतं ते पान आज नाही.
भोक नाही, भुगा नाही.

या गावच्या दैनिकाच्या फायली तळघरात होत्या,
उचलायला दोन माणसं लागत.
एका कंपनीनं ट्रक पाठवला, फोटो काढले,
आणि आता तीच पानं आम्ही
वर्षाच्या बोलीनं भाड्यानं घेतो,
आपल्याच आडाचं पाणी बाटलीतून.
एकतीसला मुदत संपते.
कौन्सिलचं पत्र आलंय: यंदा नको.

"भावाचं नाव छापलं होतं का, बघ ना.
कीथ हॉर्न्सबी. सोळा वर्षांचा.
एकसष्टचा फेब्रुवारी. बोट आइसलँडला निघालेली.
आईनं कात्रण शेगडीत टाकलं, मी बघितलंय."

मी नाव टाकलं.
शून्य निकाल.
आडनाव आधी टाकलं, नुसतं कीथ टाकलं,
बोटीचं नाव टाकलं तर आठशे बारा,
त्यात बरेचसे मासळीचे भाव.
मिसेस पास्क पडद्याकडे बघत म्हणाल्या,
"म्हणजे छापलंच नव्हतं तर."
इतक्या सहज म्हणाल्या
की मला माझ्या खुर्चीची लाज वाटली.

मग जेवायच्या सुट्टीत शोध बंद केला
आणि पानं उलटली, एकेक, डोळ्यांनी.
लग्नं. कोळशाच्या जाहिराती. फुटबॉल.
सतरा तारीख, पान पाच, तिसरा रकाना,
बारकी यादी, नाव अकरावं.
फोटोच्या मागे यंत्रानं जे वाचलं होतं ते उघडलं.
पसरलेल्या शाईत आर आणि एन
एकमेकांना टेकले होते, थंडीत टेकावं तसे,
आणि यंत्रानं त्यांचा एम केला.
होम्सबी.
कागदावर कीथ होता,
यंत्रात वीस वर्षं दुसराच कुणी बुडत होता.

दुरुस्तीचं बटण असतं. एका अक्षराची दोन केली.
पण ही दुरुस्ती कंपनीच्या घरी राहणार,
एप्रिलपासून तिथे आमचा हात पोचणार नाही.
म्हणून आमच्या यादीतही लिहिलं:
तारीख, पान, रकाना, नाव.
तरी जीव राहीना.
जुन्या कार्डांच्या कपाटात आता चार्जर ठेवतात.
त्यातला ह चा, म्हणजे त्यांच्या एचचा, खण ओढला,
तळाशी एक कोरं कार्ड सापडलं, कडा पिवळी.
शाईनं लिहिलं. माझं इंग्रजी अक्षर
अजून मिरजेचंच आहे.

मिसेस पास्क यांनी पडद्यावर बोट ठेवून वाचलं.
दोनदा वाचलं.
"हे इथेच राहील ना?"
मी कार्ड दाखवलं. बाकीचं बोलले नाही.

जाताना त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
देव तुझं भलं करो, म्हणाल्या, त्यांच्या बोलीत.
आमच्या भाषेत त्यालाही दुवाच म्हणतात.
तो कुठे नोंदवायचा,
मी अजून ठरवलेलं नाही.